आई नावाची ओळ

नवव्यांदा तिनं पान नव्यानं काढायला सांगितलं आणि नवव्यांदा पडद्यावर तेच आलं. स्वरलिपीच्या वरच्या पाच रेघांवर म्हातारीची चाल आणि तिच्याखाली तरुण बाईचे शब्द. चाल संथ, एकेक सूर ऐसपैस बसलेला. शब्द मात्र लपलेल्या पोरीला शोधत घरभर धावणाऱ्या बाईचे. एका सुराखाली एक अक्षर अशी ती बापडी अक्षरं शिस्तीत बसत गेली होती, आणि चाल संपली तेव्हा निम्मं गाणं उरलं होतं. उरलेली सगळी अक्षरं शेवटच्या उभ्या रेघेपाशी एकमेकांच्या अंगावर पडली होती, बस निघून गेल्यावर थांब्यावर उरलेल्या माणसांसारखी.

पानाखालच्या पट्टीत सॉफ्टवेअरनं लिहिलं होतं: काम यशस्वीपणे पूर्ण झालं.

"तुझं झालं असेल," ती पडद्याला म्हणाली.

भिंतीपलीकडे तिच्या लेकीनं, ठमीनं, रडायला सुरुवात केली.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. तीन वाजेपर्यंत गायकवृंद चालवणाऱ्या बाईंना सगळी पानं हवी होती, कारण चारला वृंदाच्या मुली तालमीला येणार होत्या आणि त्याआधी चाळीस प्रती काढायच्या होत्या. संगीतिका बाईंनी स्वतः रचलेली, तीन आवाजांची, पाऊण तासाची. हस्तलिखितात गायिकांना नावं नव्हती. बाईंनी नुसतं पहिली, दुसरी आणि छोटी असं लिहून ठेवलं होतं. छोटी लपते, पहिली, म्हणजे तरुण बाई, तिला शोधते, मग दुसरी, म्हातारी, येते आणि दोघी मिळून शोधतात, एवढीच गोष्ट. काम द्यायच्या आधी बाईंनी फोनवर विचारलं होतं, अगं, घरात लहान मूल आहे, झेपेल ना तुला? तिनं झेपेल म्हणून सांगितलं, आणि त्याच आठवड्यात ठमीला ताप आला. चार दिवस वाट पाहून बाईंनी उत्तरार्ध काढून मिलीमीटरकडे दिला. बोलल्या काही नाहीत. पण परवा त्यांनी स्पष्ट केलं, की दोन्ही भाग जोडून आज तीनला व्यवस्थित आले, तर वर्षाअखेरचं अकरा गाण्यांचं पुस्तक तिचं. नाही आले, तर सगळंच मिलीमीटर करेल, हा पूर्वार्धसुद्धा.

मिलीमीटर हे नाव वृंदातल्या मुलींनी ठेवलेलं. तो पूर्वी इमारतींचे नकाशे काढायचा. आता निवृत्तीनंतर गाण्याची पानं लावतो, आणि दोन सुरांमधलं अंतर अर्ध्या मिलीमीटरनं हललं तरी त्याला जेवण जात नाही. ठमीच्या जन्माआधी ती आणि तो एकाच छापखान्यात बसत. तेव्हापासून त्याला तिचं आणि तिला त्याचं काहीही पटत नसे, आणि एकमेकांच्या कामात दोघांनाही खोड काढायला जागा सापडत नसे.

तिनं पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. ताल बरोबर. पट्टी बरोबर. फाइलीत लिहिलेल्या सूचनांमधले कंस मोजले, जितके उघडले तितके बंद होते. एखादा कंस राहिला तर हेच सॉफ्टवेअर चाळीस ओळींचा थयथयाट करतं, कुठल्या ओळीत कितवं अक्षर चुकलं तेही ऐकवतं. आज मात्र मूग गिळून बसलं होतं. चूक आहे असं त्याला वाटतच नव्हतं, आणि ज्याला चूक वाटत नाही त्याच्याशी भांडणार कसं? तिनं तरुण बाईची चाल नुसती एकटी काढून पाहिली. सुंदर आली, एक सूर इकडचा तिकडं नाही. मिलीमीटरचा भाग एकटा काढून पाहिला. तोही चोख. दोन्ही जोडले की म्हातारी उठून तरुण बाईच्या जागेवर बसायची.

रडणं वाढलं. कानांवर हात ठेवून उपयोग नव्हता. तिला ठमीच्या रडण्याचे प्रकार पाठ होते. भुकेचं रडणं खालून वर जातं, झोपेचं मधेमधे तुटतं, पडल्याचं आधी दोन क्षण गप्प असतं आणि मग फुटतं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. आधी बराच वेळ नुसतं काहीतरी बोलणं चालायचं, तेच तेच, मग आवाज चढायचा आणि शेवटी रडू यायचं. पंधरा दिवस झाले, रोज असंच. त्याआधी ठमी सासूबाईंजवळ दिवसदिवस खेळायची, कुणाला पत्ता लागायचा नाही. आता काय बिनसलं होतं देव जाणे. विचारलं तर सासूबाई म्हणत, काही नाही, हट्ट करते, तू तुझं काम कर.

हट्ट करते म्हणे. वीस महिन्यांची पोर रोज तासतास रडते आणि शेजारी मोठं माणूस बसलेलं असतं. तिनं मनातल्या मनात हिशेब कधीच मिटवला होता: सासूबाई थकल्या होत्या आणि कबूल करत नव्हत्या. दोन गल्ल्या सोडून एक पाळणाघर होतं. ती गुपचूप जाऊन पाहून आली होती. खिडक्यांना जाळ्या होत्या, जिन्याला फाटक होतं, आणि सोमवारपासून एक जागा रिकामी होत होती. फक्त सासूबाईंना सांगायचं राहिलं होतं. पुस्तकाचं काम हाती आलं की सांगायचं. तोंडाशी कारण असलं की बोलणं सोपं जातं.

साडेबाराला नवऱ्याचा फोन आला. निळी फाइल घरी राहिली का, एवढंच त्याला विचारायचं होतं. तिनं त्याला सगळी रड ऐकवली. त्यानं मन लावून ऐकलं आणि बंद करून पुन्हा चालू केलंस का, असं विचारलं.

तिनं फोन ठेवला. बंद करून पुन्हा चालू केलं. दहाव्यांदा म्हातारी येऊन बसली.

मग ती जे करायचं नाही असं ठरवून बसली होती ते तिनं केलं. मिलीमीटरची फाइल उघडली. दुसऱ्याची फाइल उघडणं म्हणजे दुसऱ्याचं कपाट उघडण्यासारखं; दिसायला नको ते दिसतं आणि मग बोलून दाखवावंसं वाटतं. त्याची फाइल अपेक्षेप्रमाणे इस्त्री केल्यासारखी होती. प्रत्येक ओळ चार जागा सोडून सुरू झालेली, प्रत्येक चालीच्या वर तारीख. ती खाली सरकत गेली. आणि छत्तिसाव्या ओळीवर थांबली.

तिथं लिहिलं होतं: आई.

या सॉफ्टवेअरमध्ये रेघा आणि सूर हातानं काढायचे नसतात, शब्दांत लिहायचे असतात. एका गायिकेची सबंध चाल एकदाच लिहायची आणि तिला एक नाव द्यायचं. पुढं जिथं जिथं ती गायिका हवी, तिथं तिरकी रेघ देऊन नुसतं ते नाव लिहिलं की सॉफ्टवेअर तिची चाल आणून बसवतं. नावाचं पथ्य एकच: ते आधी कुणाचं असू नये. हा धडा ती तोंडघशी पडून शिकली होती. पहिल्याच वर्षी एका फुलवालीच्या चालीला तिनं नुसतं इंग्रजी एफ असं नाव दिलं होतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत एफ म्हणजे 'जोरात गा'. मग जिथं जिथं जोरात गायची खूण हवी होती, तिथं तिथं फुलवाली टोपली घेऊन हजर. तेव्हापासून ती सगळी नावं देवनागरीत द्यायची. सॉफ्टवेअर ज्यांनी केलं त्यांच्या बापजन्मी ही अक्षरं त्यांनी पाहिली नसणार, तेव्हा टक्कर व्हायचा प्रश्नच नाही. युक्ती इतकी बिनतोड होती, की एकदा मोठेपणा मिरवायला तिनं ती छापखान्यात सगळ्यांना सांगितली होती. मिलीमीटर तेव्हा चष्मा पुसत बसला होता. ऐकत नसेल असं वाटलं होतं.

तिनं स्वतःची फाइल शेजारी उघडली. बाराव्या ओळीवर तिनं लिहिलं होतं: आई. अर्थातच. छोटी जिला शोध मला म्हणून हाका मारते, ती पहिली गायिका, ती आईच की. आणि मिलीमीटरनं दुसऱ्या गायिकेला आई म्हटलं होतं, कारण उत्तरार्धात पहिली गायिका त्या म्हातारीला आई अशी हाक मारते. मग पहिलीला त्यानं काय नाव दिलं होतं? तिनं शोधलं. सून.

तिला हसू आलं नाही, पण तोंडातून हसण्यासारखा एक आवाज निघाला.

दोघींना एकच नाव दिलं तर सॉफ्टवेअर विचारत नाही, कुरकुरत नाही. जी नंतर आली ती आई. आधी कुणी होती याची खूणसुद्धा ठेवत नाही.

आणि हे तिला सकाळी सव्वानऊपासून कळू नये? ज्या घरात वीस महिने हेच चाललं होतं, त्या घरात बसून? ठमीचा बाप सासूबाईंना आई म्हणायचा, तीही आई म्हणायची, पार्सल घेऊन येणारासुद्धा आई, सही करा म्हणायचा. तेव्हा ठमीनंही त्यांना आई म्हणायला सुरुवात केली, यात त्या जिवाची काय चूक. आणि तिला स्वतःला घरात जो तो एकाच शब्दानं बोलवायचा. अगं, पाणी आण. अगं, फोन वाजतोय. तिचं खरं नाव आता फक्त डॉक्टरांच्या कार्डावर होतं. त्यामुळं ठमीच्या दृष्टीनं हिशेब साफ होता: ती आई आणि ही अगं. रात्री घाबरून उठली की ठमी हात पसरून अगं, अगं करत यायची. बापाला ती अरे म्हणायची. त्याला याचं इतकं कौतुक, की त्यानं ते ऑफिसभर सांगितलं होतं.

तिनं मिलीमीटरला फोन लावला.

"तुमच्या फाइलीत म्हातारीचं नाव आई आहे."

"आहे."

"माझ्या फाइलीत तरुण बाईचं आई आहे."

"ते मला स्वप्नात येऊन सांगायला हवं होतं तुम्ही."

"मुलगी तिला आई म्हणते. पहिल्या पानापासून."

"आणि ती म्हातारीला आई म्हणते. माझ्या पहिल्या पानापासून," मिलीमीटर म्हणाला. "दोघींत थोरली कोण, तुम्हीच सांगा."

तिनं डोळे मिटून घेतले. मिलीमीटर शांतपणे पुढं सांगत राहिला. त्याच्या आईचं नाव एकशे बारा जागी गुंतलेलं होतं, त्यातल्या निम्म्या जागा त्यानं हातानं नेमक्या केल्या होत्या, आणि एकाही जागेला हात लागलेला त्याला चालणार नव्हता. शिवाय तिच्या नावाच्या जागा कमी. तेव्हा शहाणपण कशात आहे हे उघड होतं.

"तुमची बदला," तो म्हणाला. "तुमची तरुण आहे. तिला सवय होईल."

एक वाजून पन्नास मिनिटं. तिनं फोन उलटा ठेवला. पलीकडं ठमीचं तेच तेच बोलणं पुन्हा सुरू झालं होतं; भिंतीतून शब्द कळत नव्हते, नुसता ठेका कळत होता.

नाव बदलायचं म्हणजे काय ठेवायचं? सून गेलं, ते त्यानं अडवलं होतं. आई एक, आई दोन असं करायला सॉफ्टवेअर नावात आकडा घेत नाही. पहिली हे नाव त्यानं पहिल्या प्रवेशाला दिलं होतं. बाई म्हणावं तर बाई म्हणजे बाई. तिनं ताई लिहिलं, खोडलं. माई लिहिलं, खोडलं. घड्याळात दोन वाजले. शेवटी संतापानं, दात आवळून, तिनं लिहिलं: अगं. निदान हे नाव दुसरं कुणी कुणाला दिलेलं असणार नाही.

मग फाइलीत जिथं जिथं आई आहे तिथं तिथं अगं कर, असं एका फटक्यात सांगितलं. त्रेसष्ट जागा बदलल्याचं उत्तर आलं. तिनं पान काढलं.

तरुण बाईची चाल परत आली होती. धावती, छोट्या छोट्या सुरांची, जिथं श्वास घ्यायचा तिथं श्वासाची खूण. म्हातारी मुकाट्यानं उत्तरार्धात जाऊन बसली होती. तिनं खुर्चीला पाठ टेकली. त्रेसष्ट जरा जास्त वाटत होते, पण असतील. ती पानं वरवर चाळत गेली आणि सहाव्या पानावर तिचा हात थांबला.

छोटीच्या ओळीखाली छापलं होतं: अगं, अगं, शोध मला. मी कुठं आहे, ओळख मला.

तिनं कपाळावर हात मारला. नावापुढची तिरकी रेघ घालून शोधायचं ते तिनं नुसता शब्द शोधला होता, आणि सॉफ्टवेअरला नाव काय आणि गाणं काय, सगळं सारखंच. गाण्यातली प्रत्येक आई अगं होऊन बसली होती. दाराआड उभी राहून छोटी गात होती, अगं, ये ना. पलंगाखालून गात होती, अगं, मी इथं. एकतीस वेळा. तिची स्वतःची पोर दिवसभर जे करायची तेच आता कागदावर, तीन आवाजांत, खाली ठळक अक्षरांत. आणि मागं फिरायची सोय नव्हती, कारण मधल्या वेळात तिनं शहाणपणानं फाइल जतन करून ठेवली होती.

दोन वाजून अठरा मिनिटं. एकतीस जागा, एकेक पाहून, एकेक हातानं. कुठं आई हवी आणि कुठं अगं, हे फक्त तिलाच कळत होतं. ती एकेक अक्षर बदलत गेली. पलीकडं ठमी आता मोठ्यानं रडत होती. एक बदल, एक हुंदका. सासूबाईंचा आवाजच नव्हता. झोपल्या की काय? पोर रडतेय आणि झोपल्या? तिनं खुर्ची मागं सरकवली, पण उठली असती तर संपलं होतं. ती दात आवळून बसून राहिली, आणि मनात सोमवारचं वाक्य जुळवत राहिली. तुम्हाला फार होतं, म्हणून. तिलाही चार मुलांत बरं, म्हणून.

दोन त्रेपन्नला तिनं पानं पाठवली.

तीन वाजून दहा मिनिटांनी बाईंचा फोन आला, तोवर ती नखं खात बसली होती. बाई घाईत होत्या. मागं छपाईच्या यंत्राची खटखट ऐकू येत होती. पानं उत्तम आली होती, जोड कुठं दिसत नव्हता. फक्त चौदाव्या पानावर छोटी एकदा अगं म्हणत होती. तिनं माफी मागायला तोंड उघडलं. पण बाई म्हणाल्या, राहू दे, दोन मुली लवकर आल्यात, त्यांनी तेच उचललं आणि हसत सुटल्या. आणि अगं, पुस्तकाचं साहित्य उद्या पाठवते.

तिनं फोन खाली ठेवला. आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठंतरी होताही, पण सकाळपासूनच्या वैतागाचा थर इतका जाड बसला होता, की तो वर यायला वेळ लागणार होता. भिंतीपलीकडचं रडणं उतरून पुन्हा बोलण्यावर आलं होतं. आताच सांगून टाकावं. अकरा गाणी, तीन महिने, रोज हे असं चालायचं नाही. ती उठली आणि तिनं दार उघडलं.

सासूबाई दाराकडं पाठ करून जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. त्या घड्या घालत होत्या. ठमी त्यांच्या बाहीला लोंबकळत होती. नाक वाहत होतं, गाल ओले होते.

"आई," ठमी म्हणाली. "आई. आई."

सासूबाईंनी एक टॉवेल उचलला, दुमडला, उलगडला आणि पुन्हा दुमडला.

"आई. आई."

ज्या बाईनं तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, शेजारच्या घरातला फोन तिसऱ्यांदा वाजला तर जिच्या जिवाची घालमेल व्हायची, ती बाई मान खाली घालून टॉवेलाची कड कडेला जुळवत होती. ठमीनं दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरली आणि तोंड स्वतःकडं वळवलं.

"आई."

"आई त्या खोलीत आहे," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता, आतल्या खोलीत जाऊ नये असा. "मी कोण?"

"आई."

"मग मी ओ देणार नाही."

ठमीनं ओठ काढले. सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही. ढिगातला दुसरा टॉवेल घेतला. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मागून दिसत होत्या.

ती दारातच उभी राहिली. पंधरा दिवसांपूर्वी, एका रविवारी जेवताना, तिनं हसत हसत म्हटलं होतं, की यांना आई आणि मला अगं, म्हणजे मी या घरात आहे तरी कोण? नवरा हसला होता. तीही हसली होती. सासूबाई उठून पाणी आणायला गेल्या होत्या.

"ओ द्या ना तिला," ती म्हणाली.

सासूबाई दचकल्या. टॉवेल मांडीवरून घसरला.

"झालं तुझं काम?"

"झालं."

"आज जास्तच रडली. तुला त्रास झाला असेल." त्यांनी ठमीचं नाक पुसलं. "दोन-तीन दिवसांत सवय मोडेल असं वाटलं होतं. मेली तुझ्यासारखी चिवट आहे."

ठमी चालत आली, तिच्या पायांना मिठी मारली आणि वर बघून म्हणाली, "अगं." तिनं तिला उचलून घेतलं. ओला गाल मानेला लागला. सोमवारचं वाक्य जिभेवर तयार होतं. ते तसंच राहिलं.

सासूबाई पुन्हा घड्या घालू लागल्या होत्या. बोलत होत्या त्या कपड्यांशी बोलल्यासारख्या. तिची चूक नाही म्हणाल्या. घरात सगळे जे म्हणतात ते ती म्हणते. दोघींना एकच हाक, मग त्या पोरीनं करायचं काय. पंधरा दिवस आपण त्या लेकराशी भांडतोय, पण सुरुवात तिथून करण्यात अर्थ नाही, हे आज दुपारी लक्षात आलं म्हणाल्या.

"तू मला आजी म्हण," त्या म्हणाल्या. "तू म्हटलंस की ती म्हणेल. त्यालाही सांग."

"मी कशी म्हणू?"

"का? म्हातारी नाही का झाले मी?"

ते हसण्यावारी न्यायचं होतं, पण दोघींपैकी कुणी हसलं नाही. लग्नानंतर वर्षभर तिनं सासूबाईंना काहीच हाक मारली नव्हती. काही हवं असलं की ती जवळ जाऊन उभी राहायची आणि त्यांची नजर वर गेली की बोलायची. आई हा शब्द तिच्या आईचा होता, आणि तिची आई एका दिवसाच्या प्रवासावर राहत होती. मग ठमीच्या वेळी, दवाखान्यात, सगळं अंग फाटत असताना ती आई म्हणून ओरडली होती. ती हाक कुणाला होती हे तिलाही सांगता आलं नसतं. पण पडद्यामागून लगेच, पुरता श्वासही न घेता, ओ आला होता. सासूबाई पाण्याची बाटली तशीच हातात घेऊन धावत आल्या होत्या. त्यानंतर दुसरं काही म्हणायचा प्रश्नच उरला नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. ठमीला कमरेवर घेऊनच एका हातानं तिनं चहाचं आधण ठेवलं. कप दोन काढले. साखर कमी, हे तिला माहीत होतं. तरीही विचारायला निमित्त हवं होतं. तिनं तो शब्द एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला. ठमीनं तिच्या ओठांकडं पाहिलं.

"आजी," ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीत कपडे झटकल्याचा आवाज येत राहिला. ठमीनं मान वळवून दाराकडं पाहिलं, कोण आलंय ते बघायला.

"आजी, साखर किती घालू?"

झटकणं थांबलं. पाणी उकळू लागलं होतं. तिनं गॅस बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून. बाहेरून काहीच येईना. पुन्हा म्हणावं का, की आताच बाहेर जाऊन सगळं पूर्वीसारखं करून टाकावं, असा विचार तिच्या मनात येऊन गेला, तेवढ्यात ओ आला. उशिरा, जरा घोगरा, हाक आपल्यालाच आहे ना याची आधी खात्री करून घेतल्यासारखा.